खलपात्राचे पूर्ववृत्त : परीकथेचे पुनर्कथन आणि दोषाचा प्रश्न

१

परीकथेतील राणी दुष्ट का असते, हा प्रश्न परीकथा सहसा विचारीत नाही. राणी दुष्ट आहे म्हणून हिमगौरीला रानात धाडले जाते, चेटकीण दुष्ट आहे म्हणून हेन्सेल कोंडला जातो. कथेला एवढे कारण पुरते. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन अद्भुतकथांचे जे रूपविश्लेषण केले, त्यात खलपात्र ही व्यक्ती नसून एक कार्यक्षेत्र आहे : अपाय करणे, झुंजणे, पाठलाग करणे. माक्स ल्यूथी यांनी १९४७ साली युरोपीय लोककथेच्या शैलीची मीमांसा केली. या कथांतील पात्रांना अंतर्विश्व नसते, भोवताल नसतो आणि काळाशी नातेही नसते. ही उणीव नसून त्या शैलीचे व्यवच्छेदक लक्षण आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

गेल्या तीन दशकांहून अधिक काळात इंग्रजीतील, विशेषतः अमेरिकेतील, कुमारवयीन वाचकांसाठीच्या कादंबरीने नेमका हाच न विचारलेला प्रश्न हाती घेतला आहे. चेटकीण चेटकीण होण्यापूर्वी कोण होती? सावत्र आई या घरात येण्यापूर्वी कोठे होती? अशा पूर्ववृत्तांचे समर्थन बहुधा एकाच शब्दांत केले जाते : मूळ कथेत जिला आवाज नव्हता तिला आवाज मिळाला, रिकामी जागा भरली गेली. हे समर्थन सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु ते इतिहासाला धरून नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे दुपदरी आहे. एक, ही जागा मुळात रिकामी नव्हती, ती रिकामी केली गेली होती. दोन, खलपात्राला केवळ भूतकाळ दिल्याने प्रश्न सुटत नाही; तो भूतकाळ मिळाल्यावर तिचे कृत्य तिचेच राहते की दुसऱ्या कोणाच्या माथी मारले जाते, यावर अशा पुनर्कथनाचे वाङ्मयीन आणि नैतिक मोल ठरते.

२

ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ साली निघाला. त्यातील हिमगौरीच्या कथेत मुलीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सख्खी आई आहे. बर्फासारखी गोरी मुलगी व्हावी अशी इच्छा जी करते, तीच पुढे त्या मुलीला ठार मारण्याची आज्ञा देते. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र आई प्रसूतीतच मरण पावते आणि राजा दुसरे लग्न करतो. मत्सर तोच, आरसा तोच, सफरचंदही तेच. बदलले ते नाते. 'हेन्सेल आणि ग्रेटेल'मध्ये मुलांना रानात सोडून देण्याचा आग्रह धरणारी स्त्री १८१२ साली आईच होती. १८४० च्या चौथ्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. रापुन्झेलला मनोऱ्यात कोंडणारी गोथेल पहिल्या आवृत्तीत परी होती. पुढे तिची जादूगारीण झाली.

हे बदल मुख्यतः धाकट्या भावाच्या, विल्हेल्मच्या हातचे आहेत आणि त्यांमागील कारणे पुरेशी स्पष्ट आहेत. अभ्यासकांसाठी आरंभलेला हा संग्रह हळूहळू घराघरांतील मुलांचे पुस्तक होत गेला. १८२५ साली निवडक ५० कथांची छोटी आवृत्ती निघाली. १८५७ च्या सातव्या आणि अखेरच्या आवृत्तीपर्यंत हे संस्करण चालू राहिले. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दिवाणखान्यात आईच्या मायेबद्दल शंका घेणारी कथा चालण्यासारखी नव्हती. प्रसूतीत दगावणाऱ्या स्त्रिया आणि पुरुषांचे पुनर्विवाह यांमुळे सावत्र आई हे त्या समाजातील परिचित वास्तव होते; तेव्हा आईचे पाप तिच्या खाती टाकणे सोयीचे झाले.

या संपादनाने दुष्टपणा कमी झाला नाही, तो परका झाला. सख्खी आई मुलीच्या जिवावर उठते तेव्हा श्रोत्याच्या मनात 'का?' हा प्रश्न उभा राहतो, कारण नाते आणि कृत्य यांत विसंगती असते. सावत्र आई तेच करते तेव्हा प्रश्नच पडत नाही. 'सावत्र' हा शब्दच उत्तर होऊन बसतो. खलपात्राचा भूतकाळ हरवला तो या ठिकाणी.

सगळ्याच कथांत असे घडले नाही. शार्ल पेरो यांच्या १६९७ च्या संग्रहातील निद्रिस्त राजकन्येच्या कथेत शाप देणाऱ्या म्हाताऱ्या परीचे पूर्ववृत्त मोजक्या शब्दांत येते. पन्नासाहून अधिक वर्षे ती आपल्या मनोऱ्याबाहेर पडलेली नसते. ती मेली असावी किंवा मंतरलेली असावी असे समजून तिला बारशाचे आमंत्रणच जात नाही. ती आल्यावर तिच्यासाठी पान मांडले जाते, पण इतर सात परींना मिळालेला सोन्याचा संच तिच्या वाट्याला येत नाही. ग्रिमच्या कथेत जाणत्या स्त्रिया तेरा आणि सोन्याच्या ताटल्या बारा. म्हणजे शापाला कारण आहे आणि ते सामाजिक आहे : म्हातारी, एकटी, विसरली गेलेली स्त्री पंगतीतून वगळली गेली. कथा तिला निर्दोष ठरवीत नाही. पण वगळणाऱ्यांचा प्रमादही लपवीत नाही. पूर्ववृत्ताच्या या जुन्या नमुन्याकडे पुढे आपल्याला परत यायचे आहे.

३

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हरवलेल्या नात्याचा शोध प्रथम समीक्षेने घेतला. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९७६ साली सावत्र आईचे मनोविश्लेषणात्मक स्पष्टीकरण दिले : चांगल्या आईची प्रतिमा शाबूत राहावी म्हणून मूल आईची दोन रूपे करते. स्पष्टीकरण मोहक आहे. परंतु विल्हेल्म ग्रिमच्या लेखणीने केलेली फाळणी येथे बालमनाच्या नावावर जमा होते. मारिया टाटर यांनी १९८७ च्या ग्रंथात आवृत्त्यांची तुलना करून या संस्करणाकडे लक्ष वेधले. त्याआधी, १९७९ साली, सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गूबर यांनी हिमगौरीच्या कथेचे नवे वाचन मांडले होते. त्यांच्या मते राणी ही कथानक रचणारी, सर्जक स्त्री असून आरशातून बोलणारा आवाज पुरुषसत्तेचा आहे. राजा कथेत दिसत नाही, कारण तो आरशात जाऊन बसला आहे.

प्रौढांच्या साहित्यातही भूमी तयार होत होती. जीन ऱ्हिस यांनी १९६६ साली 'जेन एअर'मधील माळ्यावर कोंडलेल्या वेड्या पत्नीला तिचे कॅरिबियन बालपण परत दिले. जॉन गार्डनर यांनी १९७१ साली 'बेओवुल्फ'मधील ग्रेंडेल या राक्षसाला निवेदक केले. मात्र ज्या कथा लहान मुलांसाठी म्हणून सोवळ्या करण्यात आल्या होत्या, त्या कुमारवयीन वाचकांसमोर उलगडण्याचे काम १९९० च्या दशकात झाले.

४

डॉना जो नापोली या पेशाने भाषाशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांची 'द मॅजिक सर्कल' ही छोटी कादंबरी १९९३ साली आली. हेन्सेल-ग्रेटेलच्या कथेतील चेटकीण येथे प्रथमपुरुषी, वर्तमानकाळात बोलते. ती कुबडी आहे, कुरूप आहे, सुईणपण करणारी आहे आणि आसा नावाच्या मुलीची आई आहे. लोकांना बरे करण्याची विद्या, त्या विद्येतून मिळणारा मान आणि सुंदर वस्तूंची ओढ यांच्या वाटेने ती सैतानी शक्तींच्या हाती सापडते. मुले खाण्याची वासना आपल्यात शिरली आहे हे कळल्यावर ती माणसांपासून दूर, रानात जाऊन राहते. तिच्या घरावरील मिठाई हा येथे सापळा नाही. गोड खाण्याची हौस असलेल्या, दुरावलेल्या लेकीची ती आठवण आहे. शेवटी ती दोन मुले दारात येतात. कथेचा शेवट वाचकाला ठाऊक आहे आणि लेखिका तो बदलत नाही. चेटकीण भट्टीतच जाते. परंतु ग्रेटेलने आपल्याला ढकलावे ही योजना चेटकिणीचीच आहे.

या शेवटाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेले पाहिजे. नापोली चेटकिणीच्या पतनाची कारणे सविस्तर देतात, परंतु त्या कारणांना सबब होऊ देत नाहीत. मोह तिचा होता, मंडलातील चूक तिची होती आणि वासनेला दिलेला अखेरचा नकारही तिचाच आहे. १९९६ च्या 'झेल'मध्ये रापुन्झेलची कथा सोळाव्या शतकातील स्वित्झर्लंडमध्ये घडते. मूल नसलेल्या स्त्रीने मुलीसाठी आपला आत्मा गहाण टाकला आहे. ती मुलगी तारुण्यात पाऊल टाकताच तिला गमावण्याच्या भयाने ती तिला मनोऱ्यात कोंडते. प्रेमाचे बंदिवासात रूपांतर कसे होते हे आईच्या आतून दिसते आणि तरीही बंदिवास हा बंदिवासच राहतो. मनोऱ्यात झेलच्या मनाची होणारी पडझडही तितक्याच कठोरपणे दाखवली जाते. दोन्ही कादंबऱ्यांत दुष्टपणाचा उगम मातृत्वाशी जोडलेला आहे. विल्हेल्म ग्रिमने जे नाते पुसले होते, तेच येथे परतले आहे.

एमा डोनाह्यू यांचे 'किसिंग द विच' हे १९९७ चे पुस्तक वेगळी रचना स्वीकारते. त्यात १३ कथा साखळीने गुंफलेल्या आहेत. प्रत्येक कथेच्या अखेरीस निवेदिका समोरच्या स्त्रीला तिचा भूतकाळ विचारते आणि पुढची कथा म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर असते. हिमगौरी सावत्र आईला विचारते तेव्हा कळते की ही राणी एकेकाळी दासी होती आणि राजकन्येची जागा बळकावून ती राजवाड्यात आली. म्हणजे 'हंसराखी' या दुसऱ्याच कथेतील ती खलनायिका आहे. पूर्ववृत्त येथे निष्पापपणापाशी जाऊन थांबत नाही; एका दोषामागे दुसरा दोष आणि त्यामागे आणखी एक स्त्री असते. ऐकणारी आणि सांगणारी यांच्यात जे घडते ते क्षमा नव्हे, ओळख आहे.

५

पुढील वळण बाजारपेठेने दिले. ग्रेगरी मॅग्वायर यांची 'विकेड' ही १९९५ ची कादंबरी प्रौढांसाठी होती. १९०० साली एल. फ्रँक बॉम यांनी निर्माण केलेल्या, नावही नसलेल्या चेटकिणीला मॅग्वायर यांनी बॉम यांच्याच आद्याक्षरांवरून एल्फबा हे नाव दिले. दुष्टपणा कोठून येतो या प्रश्नाचे निश्चित उत्तर ती कादंबरी देत नाही आणि तिच्यात चेटकीण मरते. २००३ च्या संगीतनाट्याने हे कथानक कुमारवयीन प्रेक्षकांपर्यंत नेले. २०२४ साली त्याच्या पूर्वार्धावर चित्रपटही आला. संगीतनाट्यात चेटकिणीचा मृत्यू हा देखावा ठरतो, ती वाचते आणि दुष्टपणाचा आळ लबाड जादूगार व त्याच्या राजवटीवर जातो.

२००९ साली सेरेना व्हॅलेंटिनो यांची 'फेअरेस्ट ऑफ ऑल' ही हिमगौरीच्या सावत्र आईची कादंबरी खुद्द डिस्नेच्या प्रकाशनाने काढली. तिच्यात आरशामधून बोलणारा आत्मा राणीच्या बापाचा आहे. लहानपणी तिला कुरूप म्हणून हिणवणारा, आरसे घडविणारा बाप. गिल्बर्ट-गूबर यांच्या वाचनाशी याचे साम्य लक्षणीय आहे. पण दोहोंतील अंतर त्याहून लक्षणीय आहे. समीक्षेत आरसा ही व्यवस्था होती. कादंबरीत तो एक वाईट बाप झाला.

२०१४ च्या 'मॅलेफिसंट' या चित्रपटाने ही प्रक्रिया टोकाला नेली. तेथे स्टीफन राज्यलोभाने आपल्या प्रेयसीचे, मॅलेफिसंटचे, पंख कापून नेतो. म्हणून ती शाप देते. पुढे राजकन्येला जागे करणारे चुंबनही तिचेच ठरते आणि स्टीफन मनोऱ्यावरून पडून मरतो. अपंगत्व लादणाऱ्या विश्वासघाताचे ते चित्रण परिणामकारक आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु पेरोची म्हातारी आठवली की काय गमावले हे ध्यानात येते. पंगतीतून वगळलेल्या वृद्धेचा सामाजिक अपमान जाऊन तेथे प्रेमभंगाची जखम आली. शिवाय खलपात्राची जागा मुळीच नाहीशी झाली नाही. तिच्यावर फक्त स्टीफनला बसवले गेले. हे दोषाचे विसर्जन नव्हे, स्थलांतर होय. ग्रिमने आईचा दोष सावत्र आईवर टाकला आणि तिला वाचवले. ही पुनर्कथने सावत्र आईचा किंवा चेटकिणीचा दोष बाप, प्रियकर, राजा यांच्यावर टाकतात आणि तिला वाचवतात. दोनशे वर्षांच्या अंतराने संपादनाची रीत तीच राहते.

याला अपवाद आहेत. मरिसा मेयर यांच्या २०१५ च्या 'फेअरेस्ट'मध्ये राणी लेव्हानाला बालपणी तिच्या बहिणीने आगीने विद्रूप केले आहे. या क्रौर्याबद्दल वाचकाला कणव वाटते. परंतु लेव्हाना पुढे दुसऱ्याच्या मनावर ताबा मिळवून प्रेम मिळवते, तान्ह्या भाचीच्या जिवावर उठते, आणि कादंबरी यातील काहीही तिच्या जखमेच्या खाती टाकत नाही. तेव्हा हा इतिहास सरळ ऱ्हासाचा नाही. एकाच प्रकारात दोन प्रवृत्ती शेजारी शेजारी नांदत आहेत, असे म्हणणे अधिक योग्य.

६

मराठी वाचकाला हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णाबरोबर दुर्योधनही स्वतःची बाजू स्वतः मांडतो. मात्र एक भेद विसरता येत नाही. महाकाव्यातील पात्रांना जन्मकथा, शाप, वैरे हे सारे मूळ संहितेतच मिळालेले असते. आधुनिक लेखक त्यातील भर बदलतो. परीकथेच्या खलपात्राला असे काही मिळालेले नसते, म्हणून तेथे लेखकाला निर्मितीचे स्वातंत्र्य मोठे आणि त्याबरोबर जबाबदारीही मोठी. कार्यक्षेत्राला बालपण द्यायचे म्हणजे कथेची कादंबरी करायची; आणि कादंबरी एकदा अंतर्मनात शिरली की निवडीचा प्रश्न टाळता येत नाही.

कुमारवयीन वाचक ज्या वयात असतो त्या वयात आपल्या हातून घडलेल्या गोष्टींची कारणे त्याला प्रथमच दिसू लागतात. 'माझ्यावर अन्याय झाला' आणि 'मी अन्याय केला' ही दोन वाक्ये एकाच व्यक्तीबद्दल एकाच वेळी खरी असू शकतात, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. ग्रिमच्या संस्करणाने दुसरे वाक्य ठेवून पहिले पुसले. आजची सोपी पुनर्कथने पहिले ठेवून दुसरे पुसतात. नापोलींच्या चेटकिणीला दोन्ही वाक्ये उच्चारता येतात, आणि म्हणूनच ती भट्टीपाशी उभी असताना वाचक तिचा न्याय करण्याची घाई करीत नाही.