मानमोडीपासून नाकातल्या फवाऱ्यापर्यंत : फ्लूची लस निवडण्याचा इतिहास

फ्लूची लस घ्यायची तर कोणती घ्यायची, हा प्रश्न आता वरूडच्या दवाखान्यातही विचारला जातो. सुईची की नाकातली? तीन घटकांची की चार? यंदाची की मागच्या साठ्यातली? कोविडच्या रांगेत आपण सगळ्यांनी 'कोव्हिशिल्ड की कोवॅक्सिन' हा वाद ऐकला आहे. तेव्हा एक गोष्ट अनेकांच्या लक्षात आली नाही. लस निवडताना 'सगळ्यात चांगली कोणती' हा प्रश्न अपुरा असतो. कोणासाठी, केव्हा आणि हाताशी काय आहे, हे विचारावं लागतं. फ्लूच्या लशीचा शंभर वर्षांचा इतिहास हेच सांगतो.

सुरुवात १९१८ पासून करू. जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून 'मानमोडी' येते, ती हीच साथ. जूनमध्ये ती मुंबईत दिसली, आणि पावसाळा सरताना दुसरी, फार भयंकर लाट देशभर पसरली. आपला वऱ्हाड तेव्हा 'मध्यप्रांत व वऱ्हाड' या प्रांतात होता. देशात सर्वाधिक फटका बसलेल्या भागांत मुंबई इलाख्याबरोबर हा प्रांतही येतो. त्यात त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. भारतात एकूण सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. विसाव्या शतकात देशाची लोकसंख्या घटलेली दिसते ती एकाच दशकात, १९११ ते १९२१ मध्ये. मेलेल्यांत म्हातारे होतेच, पण ऐन तारुण्यातली माणसं फार होती. त्यातही गरोदर बाया. हे लक्षात ठेवा, पुढे याचं काम पडणार आहे.

तेव्हा लस नव्हती का? होती. अमेरिकेत, इंग्लंडात लशी बनल्या, लोकांनी टोचूनही घेतल्या. पण त्या होत्या जिवाणूंच्या, कारण फ्लू एका जिवाणूमुळे होतो असा समज होता. खरा दोषी विषाणू माणसाच्या घशातून वेगळा काढला गेला तो १९३३ साली, लंडनमध्ये. म्हणजे मानमोडीच्या वेळी निवडीला अर्थच नव्हता. शत्रूच चुकीचा धरला होता.

पुढे दोन वाटा फुटल्या. एक अमेरिकेची. कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवायचा, मारायचा आणि सुईने टोचायचा. दुसऱ्या महायुद्धात ही लस आधी सैनिकांना मिळाली आणि १९४५ मध्ये सर्वसामान्यांसाठी मंजूर झाली. पण १९४७ मध्ये विषाणूने रूप बदललं आणि ती निरुपयोगी ठरली. तेव्हापासून फ्लूची लस वारंवार नव्याने ठरवावी लागते.

दुसरी वाट रशियाची, लेनिनग्राडची. विषाणू जिवंतच ठेवायचा, पण दुबळा करून, आणि नाकातून द्यायचा. ही गोष्ट वरूडच्या माणसाला सांगायला सोपी आहे. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकेत काय करतात? खुंट जंबेरीचा आणि त्यावर डोळा संत्र्याचा. तसंच इथे. खुंट लेनिनग्राडच्या दुबळ्या, थंडीला सरावलेल्या विषाणूचा. त्यावर डोळा भरायचा तो यंदाच्या नव्या विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांचा. असा विषाणू नाकाच्या गारव्यात वाढतो, फुप्फुसाच्या उबेत वाढत नाही. म्हणून संरक्षण मिळतं, आजार होत नाही.

आता या आपल्या दारात या. जून २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वाइन फ्लूची महासाथ जाहीर केली. ऑगस्टमध्ये देशातला पहिला बळी पुण्यात गेला, एक शाळकरी मुलगी. पुण्यातच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूट. लस बनवायची ठरली, पण कोणती? सीरमने रशियन वाट धरली. कारण सरळ होतं. मारलेल्या विषाणूची लस करायला अंडी फार लागतात. जिवंत लशीला एका अंड्यातून कितीतरी पट जास्त डोस निघतात, आणि सुईही लागत नाही. घाईच्या वेळी हा हिशेब मोठा असतो. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने सुईची लस केली, हैदराबादच्या भारत बायोटेकने पेशींमध्ये वाढवलेली. २०१० मध्ये तिन्ही बाजारात आल्या. सीरमची 'नेझोव्हॅक' जुलैत आली, आणि १० ऑगस्टला महासाथ संपल्याचं जाहीर झालं! वेगासाठी निवडलेली वाटही धावता धावता उशिरा पोचली.

शिवाय या स्वस्त, सोप्या लशीला एक मर्यादा होती. जिवंत लस गरोदर स्त्रीला देत नाहीत. म्हणजे मानमोडीने ज्यांना आधी नेलं, त्यांच्यासाठी सुईचीच लस हवी. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये जोखमीच्या लोकांना मोफत लस द्यायला सुरुवात केली, त्यात गरोदर महिला होत्या. एका लशीने सगळ्यांचं भागत नाही, ते असं.

आता वेळेचं पाहू. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीचे घटक ठरवते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. आपण नकाशावर उत्तरेत, पण आपला फ्लू श्रीनगरसारखा हिवाळ्यात नाही, मुख्यतः पावसाळ्यात वाढतो. म्हणून पावसाळ्याच्या आधी लस घ्यावी, आणि तेव्हा दक्षिणेची नवी लस जास्त जवळची, असं अनेक तज्ज्ञ म्हणतात. आंबिया बहार धरायचा की मृग, हे आपण विहिरीतलं पाणी पाहून ठरवतो, शेजारच्या जिल्ह्याचं पाहून नाही. तसंच हे.

आणि तीन की चार घटक? चौथा घटक ज्या 'यामागाता' घराण्याचा, ते मार्च २०२० नंतर जगात खात्रीने सापडलेलंच नाही. म्हणून २०२३ पासून तो वगळण्याची शिफारस आहे. चार आकडा मोठा, म्हणून लस भारी, असं नाही.

तेव्हा मंडळी, दवाखान्यात गेलात तर 'भारी लस कोणती' असं विचारू नका. घरात गरोदर सून आहे, दम्याचा पोरगा आहे, सत्तरीची आजी आहे, हे आधी सांगा. लस कोणत्या मोसमाची, तेही विचारा. १९१८ मध्ये वऱ्हाडातल्या माणसाला हे विचारायची सोयच नव्हती. आपल्याला ती आहे.