न्याहारीवर तगलेली घरे

न्यू जर्सीच्या अगदी दक्षिण टोकाला, डेलावेअरची खाडी अटलांटिकला मिळते तिथे, केप मे हे लहानसे गाव आहे. गार्डन स्टेट पार्कवे याच टोकापाशी सुरू होतो, त्यामुळे एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी जोडप्यांनाही शनिवार-रविवारच्या सुट्टीत ते सहज गाठता येते. नक्षीदार कठड्याची ओसरी, छपराला लाकडी झालर, उंच पलंग, सकाळी एकाच लांब टेबलाभोवती न्याहारी. अशा 'बेड अँड ब्रेकफास्ट'मध्ये उतरणाऱ्या दोघांना वाटते, की हे घर शंभर-सव्वाशे वर्षे कुणीतरी मायेने जपले असणार. तसे ते जपलेले नाही. ही घरे आधी गाव मागे पडल्यामुळे उरली आणि नंतर पाहुण्यांच्या पैशावर तगली. ज्या घरांत पाहुणा पैसे देऊन राहणार नव्हता, त्यांतली कितीतरी पाडली गेली. केप मेचा आज दिसणारा इतिहास समजून घ्यायचा, तर हा व्यवहार आधी समजून घ्यावा लागतो.

पाहुणे ठेवणे हा इथला जुनाच धंदा. एलिस ह्यूज या इथल्या पोस्टमास्तराने 1801 च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या 'ऑरोरा' दैनिकात जाहिरात दिली होती : समुद्रस्नानाला या, राहण्याची सोय आहे, मासे, कालवे, खेकडे आणि मद्य मिळेल. पुढे अवाढव्य लाकडी हॉटेले उभी राहिली. लाकडाचे गाव आणि समुद्राचा वारा, म्हणजे आगीला आमंत्रणच. 1856 मध्ये माउंट व्हर्नन हॉटेल जळाले आणि नोव्हेंबर 1878 मध्ये गावाच्या मध्यभागातली सुमारे 35 एकर वस्ती राख झाली. आजच्या केप मेचे मूळ या आगीत आहे. केप मेची स्पर्धक असलेल्या अटलांटिक सिटीला 1854 पासून रेल्वे होती, केप मेला ती 1863 मध्ये आली. तोवर गर्दी आणि भांडवल तिकडे वळू लागले होते. म्हणून आगीनंतर गावाने मुख्यतः लहान घरे बांधली, आणि तीही तेव्हा जुन्या वाटू लागलेल्या घाटाची. पुढच्या पिढ्यांकडे ती पाडून नवी बांधण्याइतका पैसा नव्हता. गरिबीने केलेले हे जतन कुणी ठरवून केले नव्हते, पण ते पक्के होते.

ते मोडायची वेळ 1962 च्या मार्चमधल्या भीषण वादळानंतर आली. दुरुस्तीसोबत नगर-नूतनीकरणाचा संघराज्याचा निधी आला, आणि जुने लाकूड हटवून मोटेले बांधणे हाच शहाणपणा आहे असे अनेकांना वाटू लागले. फ्रँक फर्नेस यांच्या नावावर सांगितली जाणारी 1879 ची फिझिक हवेली पाडायला निघाली, तेव्हा नागरिकांनी 1970 मध्ये संस्था काढून ती वाचवली. त्याच वर्षी गाव ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेले आणि 1976 मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. मग घरे कायद्याने वाचली, पाहुण्यांनी नव्हे, असे कुणी म्हणेल. पण दर्जा मिळाल्याने खारट हवेत सोलवटणारा रंग परत बसत नाही. आठ-दहा खोल्यांचे घर एका कुटुंबाला पोसवत नव्हते. 1970 च्या दशकात काही जोडप्यांनी अशी घरे घेतली, स्वतः तिथेच राहिली, खोल्या भाड्याने दिल्या, आणि ते भाडे छपरात आणि रंगात घातले. 1908 मध्ये उघडलेले भव्य हॉटेल केप मे, पुढचे 'ख्रिश्चन अ‍ॅडमिरल', याच दर्जाच्या गावात होते, तरी 1996 मध्ये पाडले गेले. एवढा डोलारा पेलेल असा व्यवहार कुणाला जुळवता आला नाही. काँग्रेस हॉल हे जुने हॉटेल वाचले हे खरे, पण तेही 2002 मध्ये पुन्हा हॉटेल म्हणून उघडले तेव्हाच सावरले.

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा. 'मेनस्टे' या नावाने पाहुण्यांचे घर झालेली वास्तू 1872 मध्ये पुरुषांच्या जुगाराचा क्लब म्हणून बांधली होती. जोडप्यांचा निवांतपणा तिच्या मूळ हेतूत नव्हताच. कितीतरी खोल्यांतले सामान लिलावांतून गोळा केलेले असते. तरी याला मी फसवणूक म्हणणार नाही. जिना, दारे, ओसरी खरी आहे, आणि घर वापरात राहिले की बदलणारच. माझी हरकत वेगळी आहे. पाहुणा ज्यासाठी पैसे मोजतो तोच काळ उजळ होतो.

केप मेची कृष्णवर्णीय वस्ती हॉटेलांच्याच आधाराने वाढली होती. हॅरिएट ट्यूबमन यांनी 1852 मध्ये इथे काम करून पैसे साठवले, ते गुलामांना सोडवून आणण्याच्या फेऱ्यांसाठी. स्टीफन स्मिथ या कृष्णवर्णीय व्यापारी आणि गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्याने 1846 मध्ये लाफायेत रस्त्यावर उन्हाळी घर बांधले. पुढे शतकभराने ज्या नूतनीकरणाच्या काळात गावाच्या व्हिक्टोरियन चेहऱ्याची डागडुजी झाली, त्याच काळात या वस्तीतली अनेक घरे जमीनदोस्त झाली. लाकूड तेच, समुद्र तोच, पण त्या घरांना झालर नव्हती आणि तिथे रात्र काढायला फिलाडेल्फियाहून कुणी जोडपे येणार नव्हते. मोडकळीला आल्यामुळे ती पाडावी लागली, हे उत्तर पुरत नाही. वाचलेली कितीतरी घरेही तेव्हा मोडकळीलाच आली होती. लाफायेत रस्त्यावरच्या एका चर्चच्या जुन्या धर्मोपदेशक-निवासात आज ट्यूबमन यांचे संग्रहालय आहे. ते 2021 मध्ये सर्वांसाठी खुले झाले, देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमांवर. या इतिहासाला खोलीभाड्याचा आधार कधीच मिळाला नव्हता, म्हणून त्याला पन्नास वर्षे जास्त थांबावे लागले.