ॲस्बेस्टॉसजन्य कर्करोग आणि नुकसानभरपाई

छपरांचे सिमेंटी पत्रे, ब्रेकची अस्तरे आणि बाष्पनलिकांची वेष्टने यांत वापरल्या जाणाऱ्या ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे शरीरात शिरून फुप्फुसांत रुतून बसतात, आणि त्यांपासून फुप्फुसाचा कर्करोग, तसेच परिफुप्फुसाचा किंवा उदरपटलाचा मेसोथेलिओमा हा बहुधा असाध्य विकार उद्भवतो. या मेसोथेलिओमाचा ॲस्बेस्टॉसशी असलेला संबंध संशोधक वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ३३ रुग्णांच्या आधारे १९६० मध्ये दाखवून दिला.

तंतूंशी आलेला संपर्क आणि रोगाचे प्रकटन यांत पुष्कळदा २० ते ४० वर्षे लोटतात. तोवर कारखाना बंद पडलेला, हजेरीपट नाहीसा झालेला आणि कामगार गावी परतलेला असतो, आणि भरपाईच्या दाव्याची खरी अडचण, किंबहुना त्यातील घोर अन्याय, येथेच आहे.

अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या ॲस्बेस्टॉस कामगारांविषयीच्या अर्जावर २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने आरोग्य हा कामगाराच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. प्रत्येक कामगाराचे आरोग्यदप्तर नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत जपावे असे फर्मावले, आणि रोग प्रमाणित झालेल्यांस १ लाख रुपये भरपाई ठरविली. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याखालीही व्यवसायजन्य रोगाबद्दल मालकाकडून भरपाई मागता येत असे. अशा भरपाईसाठी निदानाचे कागद, जुनी वेतनपत्रके आणि सहकाऱ्यांच्या साक्षी विशेष उपयोगी पडतात. कंत्राटी मजुराजवळ मात्र यांपैकी साक्षीखेरीज सहसा काहीच नसते.