पगारातले दोनशे रुपये

ऐरोली-महापेच्या एखाद्या कंपनीत नोकरी करत असाल, तर तुमची पगाराची स्लिप काढून बघा. पीएफच्या खाली 'पीटी' २०० रुपये दिसेल, फेब्रुवारीत ३००. हा राज्य सरकारचा व्यवसाय कर. वर्षाचे २,५०० रुपये. इतकेच का, तर घटनेच्या कलम २७६ मध्येच कमाल मर्यादा आहे. आधी ती २५० होती, १९८८च्या दुरुस्तीने २,५०० झाली आणि तिथेच थांबली.

महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला, तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२च्या दुष्काळात योजना राज्यभर पसरली होती, पैसा हवा होता. कल्पना वि. स. पागे यांची. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराची हमी घ्यायची, असा तो व्यवहार होता.

आता माझ्या संशोधनाचा मुद्दा. या कायद्यात काही जणांना माफी आहे: ६५ वर्षांवरचे लोक, कायमचं अपंगत्व असलेले, आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांचे आईवडील किंवा पालक. म्हणजे घरातल्या माणसाला सांभाळणं हा खर्च आहे, हे सरकारने मान्य केलंय! पण किती? जास्तीत जास्त २,५०० रुपये. वाशीत दिवसभरासाठी बाई ठेवायची म्हटली तर वर्षाची ही माफी किती दिवस पुरेल, तुम्हीच हिशेब करा.

जर्मनीत १९९५ पासून आणि जपानमध्ये २००० पासून दीर्घकालीन देखभालीचा सक्तीचा विमा आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये त्यासाठी पगारावर ०.५८ टक्के वर्गणी सुरू केली. ज्यांनी नोव्हेंबर २०२१ पूर्वी खासगी विमा घेतला होता, त्यांना अर्ज करून सूट घेता आली. तिथे सूट म्हणजे सामाईक निधीतून बाहेर पडणं. आपल्याकडे निधीच नाही, नुसती सूट आहे.

आणि खरी गोम पुढेच आहे. माफी मिळते ती कर भरणाऱ्याला. मुलाला सांभाळायला जिने नोकरी सोडली, त्या आईला पगारच नाही, मग माफ काय करणार? सगळ्यात जास्त काम करणारी व्यक्ती या कायद्याला दिसतच नाही.

तुमच्या घरी कुणी हक्कदार असेल, तर अपंगत्वाचा दाखला ऑफिसच्या एचआरला जरूर द्या. हक्काचे पैसे सोडू नका. पण १९७५ साली आपण अनोळखी मजुराची हमी घेतली होती; सांभाळणाऱ्यांची कधी घेणार, हेही विचारत राहा.