दिनविशेष : ५ ऑगस्ट
१९६६ : ‘बीटल्स’चा ‘रिव्हॉल्व्हर’ हा अल्बम ब्रिटनमध्ये प्रकाशित. गिटार-ड्रमवर तरुणाईच्या किंकाळ्या मिळवणाऱ्या या चौकडीने लंडनच्या ईएमआय स्टुडिओत ध्वनिफीत उलटी फिरवली, तिचे तुकडे जोडून गोल गोल वाजवले, लेननचा आवाज फिरत्या स्पीकरमधून काढला. ‘एलिनॉर रिग्बी’ या गाण्यात तर चौघांपैकी कुणाचेच वाद्य नाही, आठ तंतुवाद्ये आणि गळे, बस्स! हॅरिसनच्या ‘लव्ह यू टू’मध्ये तबला अनिल भागवत यांचा. वेष्टनावर त्यांचे नावही छापले गेले. साथीदारांच्या वाट्याला हा मान तेव्हा क्वचितच येई. स्टुडिओतले हे सारे प्रयोग रंगमंचावर उभे करणे अवघडच. त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत बीटल्सने तिकीट लावलेला अखेरचा कार्यक्रम केला, त्यात या अल्बममधले एकही गाणे नव्हते.