पाण्यातील फ्लोराइड आणि स्वस्त गाळण्या : वऱ्हाडातील कुटुंबांसाठी माहिती

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या बाजूला, बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी खारट लागते. पाणी खारे म्हणजे त्यात फ्लोराइड असणारच, आणि गोड म्हणजे नसणार, असे अनेक जण धरून चालतात. हे दोन्ही अंदाज चुकू शकतात. खारटपणा मिठासारख्या क्षारांमुळे येतो. फ्लोराइडला मात्र चव, रंग किंवा वास नसतो. ते तपासणीतच कळते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. त्याहून जास्त फ्लोराइड असलेले पाणी लहानपणी सतत पोटात गेले, तर कायमच्या दातांवर खडूसारखे पांढरे चट्टे आणि पुढे तपकिरी पट्टे येतात. हे दात हिरड्यांच्या आत साधारण आठ वर्षांपर्यंत घडत असतात, त्यामुळे जपायचे वय तेच. फ्लोराइड बरेच जास्त असेल आणि असे पाणी अनेक वर्षे प्यायले गेले, तर मान, पाठ व सांधे आखडतात. हाडांतील हे बदल पुसता येत नाहीत, म्हणून सगळा भर पाण्यावरच द्यावा लागतो.

स्वस्त गाळणी काम कशी करते?

काही पदार्थांच्या पृष्ठभागाला फ्लोराइड चिकटून बसते. याला अधिशोषण म्हणतात. सक्रिय ॲल्युमिना हा यातला सर्वांत वापरलेला पदार्थ. श्रीलंकेत ताज्या भाजलेल्या विटांच्या तुकड्यांच्या घरगुती गाळण्या वापरल्या गेल्या, तर केनियात जनावरांच्या हाडांचा कोळसा. हाडांचा कोळसा काम चांगला करतो, पण आपल्याकडे तो किती घरांत चालेल, हे सांगायला नको. भाताच्या तुसाची राख, चिंचोके, शेवग्याच्या बिया यांवरही प्रयोगशाळांत काम झाले आहे; पण प्रयोगशाळेतला निकाल म्हणजे घरात वापरण्याजोगी गाळणी नव्हे. लाकडाचा साधा कोळसा फ्लोराइड फारसे धरत नाही. तुरटीचा खडा फिरवल्याने गढूळपणा बसतो, फ्लोराइडचा प्रश्न सुटत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना वापरतात, पण त्यांचे प्रमाण पाण्याच्या तपासणीवरून ठरवलेले असते.

आणि पाणी उकळू नका असे नाही, जंतूंसाठी जरूर उकळा. मात्र उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पाणी आटले तर उलट दाट होते.

गाळणी भरली हे कसे कळणार?

इथेच बहुतेक घरे फसतात. मेणबत्तीची गाळणी तुंबली की धार बारीक होते. अधिशोषक संपला तरी पाणी तसेच स्वच्छ आणि तेवढ्याच वेगाने येत राहते. फ्लोराइड मात्र सरळ पार होत असते.

एक हिशेब करून पाहा. समजा, पाण्यात लिटरला ४ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि ते १ वर आणायचे आहे. म्हणजे प्रत्येक लिटरमागे ३ मिलिग्रॅम धरायचे. गाळणीत ५ किलो ॲल्युमिना आहे आणि एक किलो १ ग्रॅम फ्लोराइड धरतो असे मानले, तर साधारण १,६५० लिटर पाणी निघेल. पिणे आणि स्वयंपाक मिळून रोज २५ लिटर लागत असतील तर ही गाळणी दोन महिन्यांच्या आसपास संपली. आंघोळीला, भांड्यांना तिचे पाणी वापरले तर त्याआधीच.

खारपाणपट्ट्यात ती आणखी लवकर संपू शकते. ॲल्युमिना किंचित आम्लयुक्त पाण्यात उत्तम काम करतो. इथले पाणी बहुधा अल्कलीयुक्त, आणि त्यातील बायकार्बोनेट फ्लोराइडची जागा अडवते. शिवाय अशी गाळणी खारटपणा कमी करत नाही. पाणी खारे आणि फ्लोराइडयुक्त असे दोन्ही असेल, तर आरओ बरा. त्याचे बाहेर टाकलेले पाणी मात्र पिण्यास, स्वयंपाकास किंवा गुरांना देऊ नका, त्यात फ्लोराइड अधिक असते.

ॲल्युमिना पुन्हा वापरण्याजोगा करण्यासाठी कॉस्टिक सोडा आणि आम्ल लागते. हे काम घरी करू नका. वापरलेला माल विहिरीजवळ किंवा शेतात टाकू नका.

तुम्ही काय करावे?

वान, शहानूर यांसारख्या धरणांचे पाणी नळाला येत असेल, तर पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी तेच साठवा. नळ चार-सहा दिवसांआड येतो म्हणून मधल्या दिवसांत हातपंपावर जावे लागत असेल, तर निदान लहान मुले आणि गरोदर बाई यांच्यासाठी नळाचे पाणी राखून ठेवा.

पाण्याचा नमुना काचेच्या नव्हे, स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घ्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, किंवा जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. गाळणी असेल तर दोन नमुने द्या, गाळणीआधीचा आणि नंतरचा. नंतरचा आकडा १ च्या वर चढू लागला की माल बदलायची वेळ झाली. गाळणीवर माल बदलल्याची तारीख लिहून ठेवा.

घरात किडनीचा आजार असलेले कुणी असेल तर पाण्याचा अहवाल डॉक्टरांना दाखवा, कारण शरीरातील फ्लोराइड मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते आणि किडनी कमजोर असेल तर ते साचते. सांधेदुखी असलेल्यांनी केवळ पाण्याला दोष देऊन थांबू नये. संधिवात, ड जीवनसत्त्वाची कमतरता अशी इतर कारणेही तपासून घ्यावीत. मुलाच्या दातांवर डाग दिसले तर दंतवैद्याला दाखवा आणि त्याच आठवड्यात पाण्याचा नमुना द्या.