लांब दस्तऐवजात न हरवता कसे फिरावे : कर्सर, स्क्रोल आणि कीबोर्डच्या कळा

दोन पानांच्या अर्जात कुठे काय आहे ते डोळ्यांना दिसते. दीडशे पानांच्या प्रबंधात, कादंबरीच्या हस्तलिखितात किंवा संस्थेच्या वार्षिक अहवालात तसे होत नाही. तिसऱ्या प्रकरणातले एक वाक्य दुरुस्त करताना पहिल्या प्रकरणातली व्याख्या बघावीशी वाटते. माउसचे चाक फिरवत आपण तिथे जातो, व्याख्या वाचतो आणि परत येताना आधीची जागा सापडत नाही. मग शोधाशोध होते आणि डोक्यातले वाक्य तोवर निघून जाते. अशा कामात टायपिंगच्या वेगापेक्षा जागा न हरवणे जास्त वेळ वाचवते. त्यासाठी लागणाऱ्या सोयी बहुतेक वर्ड प्रोसेसरांत फार पूर्वीपासून आहेत. त्या पडद्यावर ठळकपणे दिसत नाहीत, एवढेच.

कर्सर वेगळा, नजर वेगळी

आधी एक भेद समजून घ्यायला हवा. दस्तऐवजात एकाच वेळी दोन ‘जागा’ असतात. पहिली कर्सरची, म्हणजे लुकलुकणाऱ्या उभ्या रेघेची. टाइप केलेले अक्षर तिथे उमटते. दुसरी जागा म्हणजे पडद्यावर या क्षणी दिसणारा भाग. माउसचे चाक, उजवीकडची सरकपट्टी आणि टचपॅडवरची दोन बोटे फक्त दिसणारा भाग हलवतात, कर्सर होता तिथेच राहतो. बाणाच्या कळा आणि विंडोजवरच्या वर्डमधल्या पेज अप व पेज डाउन या कळा कर्सरलाच हलवतात, आणि पडदा त्याच्या मागे जातो.

बहुतेक गोंधळाचे मूळ इथे आहे. चाकाने चाळीस पाने खाली जाऊन आपण एक अक्षर टाइप केले की पडदा उडी मारून वर कर्सरपाशी जातो आणि ते अक्षर तिथल्या एखाद्या वाक्यात घुसते. लक्षात आले तर ठीक. नाही आले तर छापील प्रतीत कुणाला तरी दिसते.

हाच भेद उपयोगीही पडतो. फक्त पाहून परत यायचे असेल तर चाकाने जावे आणि काम झाल्यावर डावा बाण आणि मग उजवा बाण दाबावा. कर्सर जागचा हलत नाही, पण पडदा त्याच्यापाशी परत येतो. तिथे जाऊन काही लिहायचे असेल तेव्हा मात्र कीबोर्डने जावे.

मॅकवर रीत थोडी वेगळी आहे. टेक्स्टएडिटसारख्या ॲपलच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये पेज डाउन फक्त पडदा सरकवते, कर्सर मागेच राहतो. तिथे कमांड आणि जे दाबले की पडदा कर्सरपाशी येतो. विंडोजवरून मॅकवर आलेल्या माणसाचे सुरुवातीचे दिवस यामुळे वैतागाचे जातात.

रोजच्या कळा

विंडोजवर कंट्रोल धरून डावा-उजवा बाण दाबला की कर्सर शब्दाशब्दाने सरकतो, वर-खालचा बाण दाबला की परिच्छेदापरिच्छेदाने. होम ओळीच्या सुरुवातीला नेते, एन्ड शेवटी. कंट्रोलसह होम म्हणजे दस्तऐवजाचा आरंभ, कंट्रोलसह एन्ड म्हणजे शेवट. यांपैकी कशाहीसोबत शिफ्ट धरली की वाटेतला मजकूर निवडला जातो. मॅकवर शब्दासाठी ऑप्शन आणि बाण, ओळीसाठी कमांड आणि डावा-उजवा बाण, आरंभ-शेवटासाठी कमांड आणि वर-खालचा बाण.

माउस ओढून दहा पाने निवडणे हे हात आणि डोळे दोघांनाही शिणवणारे काम आहे. वर्डमध्ये त्यासाठी एफ८ आहे. एकदा दाबली की निवड सुरू होते, मग बाणांनी किंवा शोध घेऊन हवे तिथवर जावे. तीच कळ पुन्हा पुन्हा दाबली तर आधी शब्द, मग वाक्य, मग परिच्छेद अशी निवड वाढत जाते. थांबवायला एस्केप. लॅपटॉपवर एफ८ किंवा एफ५ दाबून आवाज नाहीतर उजेड कमी-जास्त होत असेल, तर सोबत एफएन ही कळ धरावी लागते.

परत येण्याची कळ

एकच कळ शिकायची असेल तर शिफ्ट आणि एफ५ शिकावी. वर्डमध्ये ती शेवटच्या दुरुस्तीच्या जागी परत नेते. पुन्हा दाबली की त्याआधीची जागा, मग त्याआधीची. अशा मागच्या तीन जागा वर्ड लक्षात ठेवतो. कालची फाइल आज उघडल्या उघडल्या ही कळ दाबली तर काल काम जिथे सोडले होते तिथे पोहोचता येते. लिब्रेऑफिस रायटरमध्येही फाइल उघडल्यावर याच कळेने मागच्या वेळची जागा मिळते.

ही सोय नसलेल्या प्रोग्रॅममध्ये, उदाहरणार्थ गूगल डॉक्समध्ये, एक जुनी युक्ती चालते : कंट्रोल आणि झेड, लगेच कंट्रोल आणि वाय. शेवटचा बदल मागे जातो आणि पुन्हा येतो, आणि त्या निमित्ताने पडदा त्या जागी जातो. फक्त दुसरी कळ विसरू नये.

‘मी कुठे होतो’ हा प्रश्न नवा नाही. १९७८ साली आलेल्या वर्डस्टारमध्ये कर्सर आणि पडदा वेगवेगळे हलवण्याच्या कळा होत्या. कंट्रोलसह ई, एस, डी, एक्स या चार कळांचा चौकोन कर्सर फिरवायचा, तर डब्ल्यू आणि झेड पडद्यावरचा मजकूर ओळीओळीने सरकवायच्या. आधीच्या जागी परत नेणारी आज्ञाही होती. हात अक्षरांवरून उचलावाच लागत नसे. याउलट १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कीबोर्डवर बाणाच्या कळाच नव्हत्या, कारण लोकांनी माउस वापरावा अशी ॲपलची इच्छा होती. लांब मजकूर लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने वर्डस्टारवाल्यांचे म्हणणे जास्त बरोबर होते, असे म्हणायला हरकत नाही.

शीर्षके खरी हवीत

वर्डमध्ये कंट्रोल आणि एफ दाबल्यावर डावीकडे एक पट्टी उघडते. २०१० च्या आवृत्तीपासून ती आहे. तिच्यात शोधाचे निकाल दिसतात, शिवाय सगळी शीर्षके अनुक्रमणिकेसारखी येतात. शीर्षकावर क्लिक केले की त्या प्रकरणात. शीर्षक ओढून वर-खाली केले तर त्याखालचा सगळा मजकूरही त्याच्याबरोबर हलतो. रायटरमध्ये हेच काम एफ५ ने उघडणारा नॅव्हिगेटर करतो.

पुष्कळांची ही पट्टी रिकामी असते. कारण शीर्षक म्हणून त्यांनी अक्षरे फक्त ठळक आणि मोठी केलेली असतात. डोळ्यांना ते शीर्षक वाटते, प्रोग्रॅमच्या लेखी तो साधा परिच्छेद. कर्सर त्या ओळीत ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबले की ते पहिल्या पातळीचे खरे शीर्षक होते, २ आणि ३ ने खालच्या पातळ्या. रूप आवडले नाही तर ते नंतर एकाच ठिकाणी बदलता येते.

माउस वापरता येत नाही अशांसाठी तर हा प्रश्न सोयीपलीकडचा आहे. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरच्या मदतीने दस्तऐवज ऐकतात. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये, वर्डचा दस्तऐवज ब्राउझ पद्धतीत असताना, एच ही एक कळ पुढच्या शीर्षकावर नेते. शीर्षके खरी नसतील तर हव्या भागापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना मजकूर ओळीओळीने ऐकत जावे लागते. सरकारी परिपत्रके आणि महाविद्यालयांच्या नोट्स तयार करणाऱ्यांनी एवढे एक केले तरी मोठा फरक पडेल.

पान, खूण आणि दोन खिडक्या

वर्डमध्ये एफ५ किंवा कंट्रोल आणि जी दाबून पानाचा आकडा दिला की थेट त्या पानावर जाता येते. आकड्याआधी अधिक किंवा उणे चिन्ह दिले तर आहोत तिथून तितकी पाने पुढे-मागे. कंट्रोलसह पेज डाउन पुढच्या पानावर नेते, पण नुकताच शोध घेतलेला असेल तर तीच कळ पुढच्या निकालाकडे जाते. यात बिघाड काही नाही. रायटरमध्ये याच कळा शीर्षटीप आणि तळटीपेच्या जागेत उडी मारतात, तेव्हा सवयीने दाबू नयेत.

पुन्हा यायच्या जागांसाठी बुकमार्क असतात. पण लिहिण्याच्या भरात ‘##’ अशी मजकुरात न येणारी खूण टाकून पुढे जाणे आणि संध्याकाळी ती शोधणे याहून सोपे काही नाही. फाइल पाठवण्यापूर्वी मात्र एकदा शोधून सगळ्या खुणा काढाव्यात.

व्याख्या आणि वाक्य एकाच वेळी पाहायचे असेल तर वर्डमध्ये ऑल्ट, कंट्रोल आणि एस दाबून खिडकी आडवी दुभंगता येते. फाइल एकच, पण वर पहिले प्रकरण आणि खाली तिसरे. सुरुवातीला सांगितलेली अडचण यात उरतच नाही.

मराठी मजकुराचे दोन मुद्दे

देवनागरीत बाणाची कळ एका वेळी आख्खे अक्षर ओलांडते. वर्डमध्ये ‘क्षे’ एका पावलात पार होते. डिलीट कळ ते आख्खे पुसते, बॅकस्पेस मात्र आधी फक्त मात्रा काढते. म्हणून चुकलेली वेलांटी दुरुस्त करायची असेल तर अक्षराच्या पुढे जाऊन बॅकस्पेस वापरावी. सगळे प्रोग्रॅम जोडाक्षराला एक मानत नाहीत. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे न तोडण्याचा नियम युनिकोडच्या मूळ प्रमाणात २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या-नव्या प्रोग्रॅमांत फरक दिसू शकतो.

दुसरा मुद्दा शोधाचा. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो : टिंब असलेल्या ऱ पासून, किंवा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत, त्यामुळे एकाचा शोध दुसऱ्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. अनेकांनी मिळून लिहिलेल्या अहवालात ‘सर्व बदला’ ही आज्ञा देण्यापूर्वी दोन्ही रूपे शोधून पाहावीत. युनिकोडपूर्व फॉन्टमधला जुना मजकूर असेल तर अडचण आणखी मोठी, कारण त्यात मराठी फक्त दिसते, साठवलेली असतात ती भलतीच चिन्हे. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि मगच त्यात शोध घ्यावा.